तुमचं नेमकं क्षेत्र कोणतं?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लांब पत्र आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते:

‘मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. शिक्षण संपल्यावर एका फर्ममध्ये सात वर्षं काढली. शाळांची आवारं, छोट्या बागा आणि शेवटी नदीकाठचा एक मोठा पदपथ केला. त्या पदपथावर लावलेल्या झाडांपैकी निम्म्याहून जास्त झाडं दुसऱ्या वर्षी वाळली. कंत्राटदार म्हणाला झाडांची निवड चुकली, क्लायंट म्हणाला पाणी कमी पडलं, फर्मनं नवी झाडं लावून विषय संपवला. झाडांच्या खड्ड्यांची ड्रॉइंग्ज माझी होती. सहा महिन्यांत मी नोकरी सोडली. पुढे एका संग्रहालयासाठी ‘शहर आणि पाणी’ या विषयावरचं प्रदर्शन क्युरेट केलं. सध्या फेलोशिपवर आहे, बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीतल्या मातीचा अभ्यास करते आहे. ती आता संपत आली. परवा एका मोठ्या फर्ममध्ये मुलाखतीला गेले, तर पहिलाच प्रश्न आला, ‘तुमचं नेमकं क्षेत्र कोणतं?’ मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात दुसरी भेट आहे. दरम्यान संग्रहालयानं दोन वर्षांच्या कंत्राटावर परत बोलावलं आहे. घरातले मोठे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. दोन कामं सोडून एक धरू का? धरू तर कोणतं? आणि इतक्या वर्षांनी पुन्हा ड्रॉइंग टेबलावर बसणं मला जमेल का?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट लख्ख दिसली आणि ती तुम्हाला कशी दिसली नाही याचं नवल वाटलं. मग लक्षात आलं की दिसणं अवघडच होतं, कारण ज्या ठिकाणाहून ती दिसते तिथे तुम्ही त्या सहा महिन्यांनंतर परत गेलेल्याच नाही.

नदीकाठची झाडं वाळली. त्यानंतर तुम्ही पाण्यावर प्रदर्शन केलं. त्यानंतर मातीवर संशोधन धरलं. झाडं मरतात ती बहुतेक वेळा पाण्यानं आणि मातीनं. तुम्ही तीन क्षेत्रांत भटकला नाहीत, एकाच प्रश्नामागे गेलात: माणसानं खणलेल्या, भरलेल्या, दाबून टाकलेल्या जमिनीत पुन्हा जीव कसा धरतो? आधी तो प्रश्न ड्रॉइंगमधून तुमच्या अंगावर आला. मग तुम्ही तो लोकांसमोर मांडलात आणि आता प्रयोगशाळेत तपासता आहात. हे तुमचं क्षेत्र. मुलाखतीत हे सांगता आलं नाही, कारण तुम्ही पदांची यादी डोक्यात घेऊन गेला होतात.

हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. अनेक गोष्टी केलेल्या प्रत्येकाच्या कामात असं सूत्र सापडतंच असं नाही. कित्येकांच्या बाबतीत घरातले मोठे म्हणतात तेच खरं असतं: कंटाळा आला, सोडलं, दुसरं धरलं. म्हणून कसोटी लावायची. एका कामातून मिळालेलं ज्ञान दुसऱ्या कामात उपयोगी पडलं का? तुमच्या प्रदर्शनाच्या वर्णनात तुम्ही लिहिता की शहराचे जुने नकाशे गोळा करताना बुजवलेल्या नाल्यांच्या जागा सापडल्या आणि आताच्या संशोधनातले मातीचे नमुने तुम्ही त्याच जागी घेतलेत. मग तुम्हाला आणखी पुरावा कशाला हवा?

या व्यवसायात अशी माणसं आधीही झाली आहेत, आणि अपवाद म्हणून झालेली नाहीत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर जिंकणाऱ्या फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेडनं त्याआधी शेती केली होती आणि वृत्तपत्रासाठी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीवर वार्तापत्रं लिहिली होती. पण ते उदाहरण जुनं आहे आणि सगळेच देतात. मला तुमच्यासाठी रॉबर्टो बुर्ले मार्क्स जास्त जवळचा वाटतो. चित्रकलेकडे ओढा असलेला हा ब्राझिलियन तरुण १९२८च्या सुमारास घरच्यांबरोबर बर्लिनला गेला आणि तिथल्या डालेमच्या वनस्पती उद्यानात, काचघरात, त्यानं स्वतःच्या देशातली झाडं पाहिली. घरी परतल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ब्राझीलच्या बागांमध्ये युरोपातली फुलं मिरवतात आणि या मातीतली झाडं रान म्हणून काढून टाकली जातात. पुढचं सगळं आयुष्य तो या एकाच गोष्टीशी भिडत राहिला. बागा आखल्या, चित्रं काढली, जंगलांत मोहिमा काढून झाडं गोळा केली. काही वनस्पतींना तर त्याच्याच नावावरून शास्त्रीय नावं मिळाली. रिओजवळची जमीन त्यानं १९४९ मध्ये घेतली आणि तिथे साडेतीन हजारांहून जास्त प्रकारच्या वनस्पतींचा संग्रह उभा केला. १९८५ मध्ये ती सगळी जागा सरकारला देऊन टाकली, २०२१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. त्याला कुणी ‘नेमकं क्षेत्र कोणतं’ विचारलं असतं, तर उत्तर एकच होतं, झाड. चित्रकार, संग्राहक, आरेखक ही सगळी त्या झाडापाशी पोचायची कामं.

फ्रान्सचे लँडस्केप आर्किटेक्ट जिल क्लेमाँ यांचंही तसंच. त्यांच्या स्वतःच्या बागेत वाटेवरच एक उंच, धटिंगण रोप उगवलं. कुणीही ते उपटलं असतं. त्यांनी वाटच बाजूला वळवली आणि वर्षागणिक रोपं कुठे मरतात, कुठे नव्यानं रुजतात, याची नोंद ठेवली. ते निरीक्षण पॅरिसच्या आंद्रे सित्रोएन उद्यानात ‘चालती बाग’ म्हणून उतरलं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी पॅरिसमध्येच ला व्हिलेतच्या भव्य दालनात अख्खी पृथ्वी ही एक बाग मानून प्रदर्शन मांडलं. आपल्या बागेतल्या वाटेवरून सुरू झालेलं निरीक्षण एवढ्या लांब गेलं, कारण त्यांनी जागा सोडली नाही.

जागा सोडायची नाही, हे मला तुम्हाला आग्रहानं सांगायचं आहे. तुमच्या पत्रात एक कमतरता मला दिसते ती इथेच. तुम्ही विषय सोडला नाहीत, पण जागा सोडलीत. नदीकाठी परत जा. आता तुमच्याकडे मातीची जाण आहे, नोकरीत असताना ती नव्हती.

तिथे काय बघायचं ते सांगते. यंत्रांनी दाबलेल्या चिकण जमिनीत झाडासाठी खड्डा खणला आणि तो भुसभुशीत मातीनं भरला, की त्या खड्ड्याचं टाकं होतं. भोवतालची जमीन पाणी शोषत नाही, मग ओतलेलं सगळं पाणी खड्ड्याच्या तळाशी साचून राहतं. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. पानं पिवळी पडतात आणि तहानेनं सुकलेल्या झाडासारखी लोंबायला लागतात. माळी बघतो, त्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी पाणी घालतो. झाड लवकर मरतं. ‘पाणी कमी पडलं’ आणि ‘पाणी जास्त झालं’ यांची लक्षणं वरून जवळजवळ सारखी दिसतात, खणल्यावरच खरं काय ते कळतं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे झाड गरजेपेक्षा खोल लावणं. खोड जिथे रुंद होऊन मुळांना मिळतं, तो भाग मातीखाली गेला की झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षं रेंगाळतं आणि तोवर कंत्राटदाराचा देखभालीचा काळ संपलेला असतो. तुमच्या पदपथावर यातलं काय झालं, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. कदाचित तिसरंच काही असेल. पण तुम्ही शोधू शकता.

परवानगी काढा, जुन्या फर्मला आणि जागेच्या मालकाला रीतसर पत्र लिहा. दोष शोधायला नाही, मोजायला येते आहे, असं पहिल्याच वाक्यात लिहा, कारण असं पत्र आलं की सगळ्यांनाच कोर्ट-कचेरी आठवते. मेलेल्या आणि जगलेल्या, दोन्ही झाडांच्या बाजूला खणा. पाणी मुरण्याचा वेग मोजायला दोन पोलादी कड्यांचं साधन पुरतं: एकात एक अशी दोन कडी जमिनीत ठोकायची, दोन्हीत पाणी भरायचं आणि आतल्या कड्यातली पातळी तासाला किती मिलिमीटर उतरते ते टिपायचं. बाहेरच्या कड्यातलं पाणी कडेनं पसरतं, त्यामुळे आतलं सरळ खाली जातं आणि आकडा विश्वासार्ह मिळतो. मातीची घनता मोजा. चिकणमातीत ती घन सेंटिमीटरला साधारण १.४७ ग्रॅमच्या वर गेली की मुळं आत शिरत नाहीत. वाळूमय मातीत ही मर्यादा १.८०च्या आसपास असते. हे तुम्हाला माहीत आहेच, कारखान्यांच्या जमिनीत तुम्ही हेच करता आहात. फरक इतकाच की ही जमीन तुमच्या ड्रॉइंगनुसार बनली आहे. आरेखन करणाऱ्यानं स्वतःच्या जागेवर काही वर्षांनी परत जाऊन मोजमाप घेणं फार क्वचित घडतं, कारण त्याचे पैसे कुणीच देत नाही. तुम्ही ते केलंत, तर आरेखन आणि संशोधन यांच्यातली भिंत तुमच्यापुरती तरी पडेल.

आता क्युरेशनबद्दल, कारण पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख किंचित ओशाळून केला आहे, मधल्या काळातली सुट्टी असावी तसा. मला हे पटत नाही. लँडस्केपचं प्रदर्शन हे फार कठीण काम आहे. चित्र दालनात आणता येतं, खुर्ची आणता येते, इमारतीचं मॉडेल करता येतं. उतार, ओल, ऋतू, वीस वर्षांत वाढलेलं झाड, यांपैकी काहीच आत येत नाही. मग उरतात सुंदर फोटो, आणि फोटोत प्रत्येक बाग यशस्वी दिसते. ही अडचण ज्यांनी खरी सोडवली त्यांच्यात मी अनुराधा माथुर आणि दिलीप डा कुन्हा या आर्किटेक्ट जोडीला वरचं स्थान देते. त्यांनी मिसिसिपीच्या पुरांवर काम केलं, नंतर मुंबईवर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सगळीकडे चर्चा झाली ती पाणी बाहेर कसं काढायचं याची. या दोघांनी २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन मांडून वेगळाच मुद्दा पुढे केला: जमीन इथे संपते आणि पाणी इथे सुरू होतं अशी ठाम रेघ नकाशावर मारणं, हीच पुराची सुरुवात आहे. त्यांनी नकाशापेक्षा छेदांवर, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तशा चित्रांवर, भर दिला, कारण वरून पाहिलेल्या नकाशात पाणी सपाट निळा पट्टा होतो, छेदात मात्र ते मातीत मुरताना, चढताना, ओसरताना दिसतं. तिथे प्रदर्शन हेच संशोधन होतं आणि त्याच भिंतींवर आरेखनाचे प्रस्तावही होते. तीन कामं वेगळी करता येणार नाहीत इतकी एकमेकांत मिसळली होती.

जर्मनीतल्या रूर भागात तर प्रदर्शनाची व्याख्याच ताणली गेली. १९८९ ते १९९९ असं दहा वर्षं चाललेलं एम्शर पार्क हे ‘बांधकाम प्रदर्शन’ दालनात नव्हतंच. बंद पडलेल्या कारखान्यांच्या प्रत्यक्ष जागा हीच त्यातली मांडणी. लँडस्केप आर्किटेक्ट पीटर लाट्झ यांनी ड्युइसबुर्गचा १९८५ मध्ये बंद झालेला लोखंडाचा कारखाना त्यात उद्यान म्हणून उभा केला, भट्ट्या न पाडता. खनिज साठवायच्या बंकरांमध्ये बागा झाल्या. तुमच्या सध्याच्या अभ्यासाचा विषय अशाच जमिनी आहेत, म्हणून हे उदाहरण संग्रहालयासमोर ठेवा. दालनाबाहेर, एखाद्या खऱ्या जागेवर दोन वर्षं चालणारं प्रदर्शन त्यांना परवडेल का, हे विचारून बघा.

संशोधनाबद्दल थोडक्यात. तुम्ही म्हणता, ‘मी शास्त्रज्ञ नाही, मातीतज्ज्ञ माझ्याकडे आरेखक म्हणून बघतात आणि आरेखक मातीवाली म्हणून.’ बघू देत. आरेखकाला सुचणारे काही प्रश्न शास्त्रज्ञाला सुचत नाहीत. लँडस्केपच्या अभ्यासक जेन हटन यांनी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक जागांत वापरलेलं सामान मूळ कुठून आलं याचा माग काढला: सेंट्रल पार्कचं खत पेरूच्या बेटांवरच्या पक्ष्यांच्या विष्ठेचं, जुन्या उंचावरच्या रेल्वेमार्गावर केलेल्या हाय लाइन उद्यानातलं लाकूड ब्राझीलच्या जंगलातलं. ज्यानं कधी सामानाची यादी लिहिली आहे, त्यालाच असा प्रश्न पडतो.

आता निर्णयाकडे येते. फर्म की संग्रहालय? मी फर्म म्हणेन. कारण साधं आहे. तिन्हींपैकी ज्या कामापासून तुम्ही सर्वांत जास्त काळ लांब आहात ते हे, आणि जितका काळ जाईल तितकं परतणं अवघड होईल. प्रदर्शन तुम्ही नोकरीत राहूनही दर काही वर्षांनी करू शकता, त्याला सलग पूर्ण वेळ लागत नाही. साइट मात्र पूर्ण वेळ मागते. पावसाच्या आदल्या आठवड्यात भरावाची लेव्हल चुकली तर तुम्ही तिथे असायला लागता. शिवाय फेलोशिपा वयाबरोबर कमी होत जातात आणि दोन वर्षांचं कंत्राट दोन वर्षांनी संपतं. पैशाची बाजू तुम्ही पत्रात टाळली आहे, म्हणून मीच मांडते: पोट भरायला एक काम पक्कं हवं, बाकीची दोन त्याच्या आधारावर मोकळेपणानं करता येतात. संग्रहालयाला ‘नाही’ म्हणू नका, सल्लागार म्हणून महिन्यातले ठरावीक दिवस देते म्हणा.

फर्ममध्ये सगळंच सोडून जायचं असेल तर मात्र जाऊ नका. दुसऱ्या भेटीला बायोडेटा नवा घेऊन जा. वर पद आणि सालांची रांग नको, आधी दोन वाक्यं: ‘खणलेल्या, भरलेल्या आणि दाबलेल्या जमिनीत पाणी आणि मुळं पुन्हा कशी वावरतील, यावर मी काम करते. त्यासाठी आरेखन केलं आहे, प्रदर्शन उभं केलं आहे आणि मातीचा अभ्यास केला आहे.’ पोर्टफोलिओत नदीकाठचा पदपथ लपवू नका, तो पहिला ठेवा. ड्रॉइंग, त्याशेजारी आजचा फोटो, त्याशेजारी तुम्ही घेतलेली मोजमापं आणि आज तोच खड्डा तुम्ही कसा काढाल त्याचं नवं ड्रॉइंग. तुमच्या जागी मी असते तर बाकी पोर्टफोलिओ चार पानांत आटोपला असता.

ड्रॉइंग टेबलावर बसणं जमेल का, या प्रश्नाची तुम्हाला वाटते तेवढी धास्ती बाळगू नका. सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताला येतं आणि फर्ममध्ये ते चालवणारी तरुण मुलं असतात. त्यांच्याकडे नसतं ते असं: वरची सुपीक माती आधी काढून वेगळी ठेवायची, तिचे ढीग उंच रचायचे नाहीत, ओल्या जमिनीवर डंपर आणू द्यायचा नाही, जुन्या झाडांच्या मुळांभोवती काम सुरू व्हायच्या आधीच कुंपण घालायचं, आणि हे सगळं टेंडरमध्ये अशा शब्दांत लिहायचं की कंत्राटदाराला पळवाट राहू नये. ही कलमं बहुतेक ठिकाणी जुन्या कामातून उचलून चिकटवलेली असतात. ती लिहायची जबाबदारी स्वतःहून मागून घ्या.

आणि तुम्हीही त्यांना प्रश्न विचारा. काम संपल्यावर पाच वर्षांनी इथलं कुणी साइटवर परत जातं का? झाडं मेली तर कारण कोण शोधतं? मातीची तपासणी आरेखनाच्या आधी होते की नंतर? उत्तरं देताना समोरचे चुळबुळ करायला लागले तरी हरकत नाही, बऱ्याच चांगल्या फर्ममध्येही ही सोय नसते. ती सुरू करायला तुम्ही येताय असं सांगता येईल. त्यांनी हसून विषय बदलला, तर मग संग्रहालयाच्या कंत्राटाकडे नव्यानं बघा.

पद स्वीकारलंत तर दोन गोष्टी करारातच घालून घ्या: आठवड्यातला एक दिवस अभ्यासासाठी, आणि फर्मच्या साइटवर तुम्ही घेतलेली मोजमापं, क्लायंटचं नाव न देता, प्रसिद्ध करण्याची मुभा.